बीपी आला कुठून?

जाफराबाद तालुक्यात फौजेतून घरी आलेल्या माणसाला गाव 'मेजर' म्हणतं. तो शिपाई म्हणून सुटला, हवालदार म्हणून की सुभेदार म्हणून, याची चौकशी कुणी करत नाही. टेंभुर्णीच्या बाजारात, माहोऱ्याच्या पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तो मेजरच असतो. तो परत येतो ऐन उमेदीत. शिपाई पस्तिशी-चाळिशीत, हवालदार पंचेचाळिशीच्या आतबाहेर. मुलांची शिक्षणं व्हायची असतात, घर बांधायचं असतं. मग कुणी शेडनेट टाकून बियाण्याचा प्लॉट घेतो, कुणी जालन्याच्या स्टील कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहतो. यांतले बरेच जण सकाळी चहाबरोबर बीपीची एक गोळी घेतात.

पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावरच्या या मुलखाला फौजेची ओळख जुनी आहे. भोकरदन तालुक्यातलं असई इथून लांब नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथं शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्ली या इंग्रज सेनापतीची कंपनी सरकारची फौज भिडली, तेव्हा वेलस्लीने जी नदी ओलांडली ती हीच केळना. इंग्रजी कागदांत ती 'कैतना' होऊन बसली आहे. जालन्यात पुढे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी 1903 पर्यंत नांदली. पण या प्रकरणाचा विषय लढाईचा नाही. लढाई संपल्यावर, वर्दी उतरल्यावर, जवानाच्या अंगात जे राहून जातं त्याची जबाबदारी कुणाची, हा विषय आहे. त्यातही असा आजार, जो दिसत नाही, दुखत नाही आणि ज्याचा डागसुद्धा कुठे उमटत नाही.

मेजरच्या घरात एक काळी लोखंडी पेटी असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत मेडल्स, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, कॅन्टीन कार्ड, जुन्या युनिटचे ग्रुप फोटो. त्यांच्याच खाली टाचणी लावलेला इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा असतो. निवृत्त होण्याआधी लष्करी रुग्णालयात डॉक्टरांचं जे मंडळ बसतं, त्या रिलीज मेडिकल बोर्डाचा हा अहवाल. फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-16. बऱ्याच जणांनी तो एकदा सही करताना पाहिलेला असतो आणि नंतर कधीच नाही.

तो नीट वाचायला हवा. सुरुवातीच्या पानावर एक तक्ता असतो: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठे नोकरी केली. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर असतं, 'पी' म्हणजे पीस आणि 'एफ' म्हणजे फील्ड. पुढे आजाराचं नाव, तो पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाला, आणि मग या प्रकरणाचा गाभा असलेले दोन प्रश्न. आजार सेवेमुळे झाला आहे का? सेवेमुळे नसेल झाला, तर सेवेमुळे बळावला आहे का? शेवटी अपंगत्व किती टक्के आणि किती काळासाठी. उच्च रक्तदाबाच्या ज्या प्रकरणांत लोक कोर्टापर्यंत गेले, त्यांतल्या कित्येकांच्या कागदांवर उत्तरं जवळपास एकसारखी आहेत. आजार: प्रायमरी हायपरटेन्शन. अपंगत्व: 30 टक्के, आयुष्यभर. सेवेमुळे: नाही. सेवेने बळावला: नाही. कारण: सुरुवात पीस स्टेशनमध्ये झाली, फील्ड किंवा अतिउंचावरच्या सेवेशी जवळचा संबंध नाही.

म्हणजे लष्कराचेच डॉक्टर मान्य करतात की हा माणूस 30 टक्के अपंगत्व घेऊन घरी चालला आहे आणि ते आयुष्यभर राहणार आहे. पण त्या दोन 'नाही'मुळे त्या 30 टक्क्यांची किंमत शून्य होते.

त्या शून्याच्या जागी काय असतं, ते आकड्यांत पाहू. पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्या जवानाला सेवेची पेन्शन मिळतेच. आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला असं ठरलं आणि अपंगत्व 20 टक्के किंवा त्याहून जास्त असलं, तर त्या पेन्शनवर अपंगत्वाची वेगळी रक्कम चढते. शंभर टक्के अपंगत्वाला ती शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते आणि कमी टक्क्यांना त्याच प्रमाणात कमी. समजा शेवटचा पगार मिलिटरी सर्व्हिस पे धरून 45,000 रुपये आहे. शंभर टक्क्यांना 13,500 रुपये होतात, 30 टक्क्यांना 4,050. त्यावर आणखी एक नियम लागतो. 50 टक्क्यांच्या खालचं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75 आणि त्यावरचं शंभर. याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. मग 4,050 चे 6,750 होतात आणि वर महागाई भत्ता. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या भरवशावर बसलेल्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारे पावणेसात हजार म्हणजे काय, हे जाफराबादकरांना सांगायला नको.

ही वाढवून धरण्याची सवलत सरकारने 1996 पासून दिली, पण आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच. मुदत पूर्ण केलेल्यांना ती नाकारली जायची. आजारी पडूनही जो शेवटपर्यंत टिकला त्याला कमी, असा तो उलटा न्याय होता. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडून काढला. आज 30 टक्क्यांचे 50 होतात ते त्या निकालामुळे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बीपी आला कुठून?

हातावरच्या पट्ट्यात हवा भरून रक्तदाब मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोच्ची या डॉक्टरने 1896 मध्ये दिली. पण वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे कानाने ऐकून मोजायची युक्ती सापडली ती एका लष्करी डॉक्टरला. निकोलाय कोरोत्कोव हा रशियाचा शल्यविशारद. 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने सांगितलं की पट्ट्यातली हवा हळूहळू सोडताना स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत ठेवला तर ठोके ऐकू येतात. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा दाब, ठोके बंद पडले तो खालचा. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर आजही कानाला नळी लावून तेच करते. 140 वर आणि 90 खाली, याच्या पुढचे आकडे पुन्हा पुन्हा आले की डॉक्टर उच्च रक्तदाब म्हणतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उच्च रक्तदाब स्वतःहून आपली खबर देत नाही. ताप चढतो, हाड मोडतं, कानातून पू येतो, तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. बीपी वाढलेला माणूस मात्र वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो, परेड करतो, पाठीवर वजन घेऊन डोंगर चढतो. ज्या दिवशी कुणी पट्टा बांधून मोजतं त्या दिवशी तो 'सापडतो'. फॉर्मवर 'आजार सुरू झाल्याची तारीख' म्हणून जे लिहिलं जातं, ती बहुतेक वेळा आजार सापडल्याची तारीख असते.

मग तो कुठे सापडेल? पंधरा हजार फुटांवरच्या चौकीत युनिटच्या डॉक्टरसमोर जे येतं ते हिमदंश, फुफ्फुसात पाणी, घसरून झालेल्या जखमा, गोळी. तिथं धडधाकट जवानाचा बीपी रोज कोण मोजणार? दोन-तीन वर्षांनी युनिट खाली उतरतं. अहिल्यानगर, झाशी, सिकंदराबाद, पुणे अशा ठिकाणी येतं. शेजारी मिलिटरी हॉस्पिटल असतं, सगळ्यांची वार्षिक तपासणी रांगेने होते. आणि तिथं आकडा येतो 160 वर 100. कागदावर नोंद पडते: सुरुवात, पीस स्टेशन.

बोर्डाचं हे कारण मला पटत नाही. पीस स्टेशनमध्ये बीपी जास्त सापडतात, कारण तिथं बीपी जास्त मोजले जातात. एवढ्यावरून तो तिथंच जन्मला म्हणणं म्हणजे चोर जिथं पकडला तिथंच चोरी झाली असं म्हणण्यासारखं आहे. बोर्डाने जर लिहिलं की या माणसाचा बीपी फील्डमध्ये जाण्याआधी, फील्डमध्ये असताना आणि परत आल्यावर मोजला होता, तो अमुक तारखेपर्यंत नॉर्मल होता आणि नंतर वाढला, तर ते कारण झालं. 'पीस स्टेशन' हे दोन शब्द कारण होत नाहीत.

वैद्यकाची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांत एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून त्याला 'प्रायमरी' म्हणतात. किडनीच्या किंवा ग्रंथीच्या आजारामुळे वाढला तर तो 'सेकंडरी', आणि तिथं चौकशी त्या मूळ आजाराची करायची असते. प्रायमरीत घराण्याचा वारसा असतो, वय असतं, जेवणातलं मीठ, पोटाचा घेर, दारू, तंबाखू. हे सगळं गावात राहिलेल्या भावालाही असतंच. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. हवेत प्राणवायू कमी पडला की शरीराची धोक्याची यंत्रणा जागी होते आणि हृदयाला जोरात पिटाळते. रात्रीची झोप महिनोन् महिने तुटली की रात्री उतरायचा दाब उतरत नाही. गोळीबाराची वाट पाहत बसलेलं मन आणि घरापासूनचा दुरावा यांचाही भार शेवटी त्याच धमन्यांवर येतो. एखाद्या माणसाच्या बीपीत वारशाचा वाटा किती आणि सियाचीनचा किती, हे सांगणारी रक्ताची तपासणी जगात कुठेच नाही.

उत्तर शरीरात सापडत नाही, म्हणून प्रश्न कायद्याकडे जातो. शंका उरली तर तिचा फायदा कुणाला द्यायचा?

अपंगत्वाच्या पेन्शनसाठीच्या 1982 च्या नियमांनी याचं उत्तर स्वच्छ दिलं होतं. भरतीच्या वेळी तपासून घेतलेला जवान निरोगी होता असं धरायचं. तेव्हा कागदावर ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्यामुळे पुढे त्याला घरी जावं लागलं, तो आजार सेवेत उद्भवला असं मानायचं. भरतीच्या वेळी तो पकडता येण्यासारखा नव्हता असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर त्यांनी कारणं लिहायची. आणि नवव्या नियमाचं सांगणं असं की हक्क सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकायची नाही. वाजवी शंकेचा फायदा त्याला मिळेल, आणि फील्डमध्ये किंवा जहाजावर सेवा केलेल्यांना तो जास्त सढळपणे द्यावा. इतका माणुसकीचा नियम सरकारी पुस्तकांत क्वचित सापडतो.

पण नियम पुस्तकात राहिला आणि बोर्डांच्या टेबलावर शिक्का चालू राहिला. धरमवीर सिंग हे 1985 मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले आणि फेफऱ्याच्या आजारामुळे 1994 मध्ये त्यांना घरी पाठवलं. अपंगत्व 20 टक्के. बोर्ड म्हणालं, आजार सेवेशी संबंधित नाही, शरीरप्रकृतीचा आहे. कारण काही लिहिलं नव्हतं. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1982 चे नियम एकेक करून वाचले आणि निकाल दिला की भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेलं नाही, तेव्हा पेन्शन द्यावी लागेल. हा निकाल फेफऱ्याचा असला तरी बीपी, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार अशा शेकडो फायलींना त्याचाच आधार मिळाला. वकिलांच्या तोंडी आजही पहिलं नाव येतं ते धरमवीर सिंगांचंच.

सरकारने दरम्यान नियम बदलले होते. 2008 पासून लागू झालेले नियम सांगतात की भरतीची तपासणी वरवरची असते, तिच्यात झोपलेला आजार पकडला जाईलच असं नाही. काही आजार वारशाचे असतात, नोकरी कुठलीही असो, उफाळतात. नोकरीत असताना आजार दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं ठरत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने यातलं एकेक वाक्य बरोबर आहे, आणि 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की सेवेत दिसलेला प्रत्येक आजार सेवेचा ठरत नाही. तरी एक गोष्ट शिल्लक राहते: हे या माणसाच्या बाबतीत का, ते बोर्डाने सांगायला हवं. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त फौजीच्या मधुमेहाच्या प्रकरणात हेच म्हटलं. जीवनशैलीचा आजार आहे किंवा पीस स्टेशनमध्ये सुरू झाला, एवढं लिहून बोर्डाची सुटका होत नाही, आजार सेवेमुळे नसेल तर मग कशामुळे याची कारणं द्यायला हवीत. आपण शेकोटीपाशी कॉफी पीत असताना सीमेवर कुणीतरी बर्फाळ वारा झेलत असतो, याची आठवणही त्या निकालात न्यायमूर्तींनी करून दिली.

रक्तदाबापुरतं तर सैन्याच्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. 2002 च्या आणि 2008 मध्ये सुधारलेल्या या पुस्तिकेचा 43 वा परिच्छेद उच्च रक्तदाबाचा. फील्ड, अतिउंच भाग, बंडखोरीविरोधी मोहिमेचा भाग किंवा जहाजावरची दीर्घ सेवा चालू असताना प्रायमरी बीपी झाला, तर तो सेवेने बळावला असं धरायचं. आणि असा आजार फील्डच्या लांब, वारंवार झालेल्या सेवेनंतरही दिसू शकतो, कारण ताणाला प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं, हेही तिथंच म्हटलं आहे. आता एएफएमएसएफ-16 च्या सुरुवातीच्या पानावरचा तो तक्ता पुन्हा काढा. कारगिलनंतरचं द्रास, मग आसाम, मग काश्मीर, अशा 'एफ'च्या तीन ओळी असलेल्या माणसाच्या त्याच अहवालात शेवटी 'फील्डशी संबंध नाही' लिहिलेलं असेल, तर त्याच्या अपिलाचा मुद्दा त्या फॉर्मनेच तयार करून ठेवला आहे.

दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने दाखवलं की दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के आणि जवानांपैकी 15 ते 18 टक्के लोकांना अपंगत्वाची पेन्शन लागते, आणि त्यांत बीपी-मधुमेहासारख्या जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा आहे. अधिकाऱ्यांचा आकडा जवानांच्या दुपटीहून जास्त, हे वाचून कुणालाही प्रश्न पडेल. चौकीवर रात्र काढणारा तर बहुतेक वेळा जवान असतो. त्याच वर्षी, 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आणि नवी वैद्यकीय पुस्तिका आली आणि निकष कडक झाले. गैरफायदा घेतला जात असेल तर तो थांबवायलाच हवा. पण आकड्यांतली ही विषमता पाहता कात्री चालवताना हुद्दा पाहिला पाहिजे असं मला वाटतं. ज्याला टेबलापलीकडच्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलता येतं आणि जो सांगतील तिथं सही करून बाहेर येतो, त्या दोघांसाठी एकच कडक नियम सारखा पडत नाही.

अमेरिकेने याच प्रश्नाला वेगळी वाट काढली. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या 'एजंट ऑरेंज' या तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांसाठी तिथं आजारांची यादी आहे. यादीतला आजार झाला की तो सेवेमुळेच झाला असं कायदा धरून चालतो. 10 ऑगस्ट 2022 रोजी सही झालेल्या पॅक्ट कायद्याने उच्च रक्तदाब त्या यादीत घातला. युद्ध संपून जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर! तिथं टक्केवारीही थेट आकड्यांवर बांधलेली आहे. वरचा दाब बहुतेक वेळा 160 किंवा खालचा 100 असेल तर 10 टक्के, आणि खालचा 130 किंवा त्याहून जास्त असेल तर 60. आपल्याकडचे 30 आणि तिथले 10 यांची तुलना करू नये, दोन्हीकडचे हिशेब वेगळे आहेत. पण यादीचा फायदा असा की माणसाला प्रत्येक बोर्डापुढे नव्याने झगडावं लागत नाही. आपल्याकडे 43 व्या परिच्छेदात तशा यादीचं बीज होतं. ते वाढवण्याऐवजी प्रत्येक फाइल स्वतंत्र भांडणाची केली गेली.

आता जाफराबादच्या मेजरने करायचं काय? आधी तो गठ्ठा शोधायचा. सापडला नाही तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या अहवालाची प्रत मागवायची. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. पेन्शन ठरवणारं मुख्य कार्यालय प्रयागराजला आहे आणि आता सगळा व्यवहार 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून चालतो. पण स्पर्शवर आपलं खातं उघडून पाहिलं आणि अपंगत्वाची रक्कम दिसली नाही, तर दोष त्या प्रणालीचा नसतो. तिच्यात मुळात बोर्डाचा 'नाही' भरलेला असतो, आणि तो बदलायचा तर अपील करावं लागतं.

पहिलं अपील नकार कळल्यापासून सहा महिन्यांत सैन्याच्या अपील समितीकडे, तिथंही नाही म्हटलं तर दुसरं अपील. अर्ज लिहायला जालन्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं, त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. 'पेन्शन वाढवून देतो, निम्मी थकबाकी माझी' म्हणत गावात फिरणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं, आणि स्पर्शचा पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर कुणालाच सांगू नये. अर्जात भावनेचं काही लिहायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात: भरतीच्या वेळी बीपीची नोंद नव्हती. अमुक ते अमुक काळ मी फील्डमध्ये होतो, तक्ता सोबत जोडला आहे. आजार सेवेचा नाही असं म्हणायला बोर्डाने कुठलं कारण दिलं आहे ते दाखवावं.

समित्यांनी नाही म्हटलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि 2009 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत आहे. जाफराबादहून जालना दीड-दोन तासांची एसटी, तिथून रात्रीची रेल्वे. तारखा पडतात, हेलपाटे होतात, आणि बरेच जण इथंच थकतात. उशीर झाला म्हणून मात्र सोडून देऊ नये. 2008 मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन न देणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिराने केलेला दावाही ऐकून घेता येतो. फक्त थकबाकी साधारणपणे दावा केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे आळसाची किंमत आहे आणि ती दर महिन्याला वाढते. शिवाय 2008 च्या नियमांत आणखी एक अट आहे. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला आणि तोवर मुदत संपून सरकारी कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते. तेव्हा ती काळी पेटी भंगारवाल्याला देण्याआधी मुलांनी दहादा विचार करावा.

आता जालना रस्त्यावर पहाटे धावणारी पोरं भरती होतात ती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. त्यांतल्या ज्यांना पुढे कायम केलं जाईल त्यांचं सोडून द्या, बाकीच्यांना पेन्शन नाही. अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे: शंभर टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख. पण तीही अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेने बळावलं तरच. म्हणजे प्रश्न तोच राहिला, फक्त उत्तर चुकलं तर पुढे दाद मागायला मागे पेन्शनचा आधार नाही.

नोकरीत असलेल्यांचा एक पेच मात्र खरा आहे. बीपी सापडला की मेडिकल कॅटेगरी खाली येते, आणि कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडतं, कोर्स हुकतो, चांगली पोस्टिंग जाते. म्हणून कितीतरी जवान फील्डमध्ये डोकं जड वाटलं, चक्कर आली तरी गप्प बसतात. सुट्टीत गावच्या डॉक्टरकडून गोळी लिहून घेतात आणि युनिटमध्ये बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, कारण घरी त्या प्रमोशनच्या पगारावर बेत आखलेले असतात. पण त्यांना हिशेब माहीत असावा. जो आकडा वरच्या चौकीत युनिटच्या डॉक्टरच्या रजिस्टरमध्ये चढला, त्याची तारीख आणि जागा पुढे कुठल्याही बोर्डाला बदलता येत नाही. जो लपवला, तो दोन वर्षांनी खाली उतरल्यावर वार्षिक तपासणीत सापडतो, आणि मग फॉर्मवर 'सुरुवात' या रकान्यात त्या शहराचं नाव पडतं.